स्वस्त विमान कोणते?

लहान विमान घेऊ इच्छिणारा मनुष्य प्रथम किंमत विचारतो. आमच्या मते त्याने प्रथम जमीन पाहावी. ता. १५ आक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या साध्या मैदानावर उतरले, ते ‘पस मॉथ’ या लहानशा विमानातून. ६५ अश्वशक्तीचे ‘पायपर कब’ही त्याच जातीचे: पंख वर, अंगावर कापड. अशी विमाने मंद गतीने उतरतात, म्हणून त्यांस थोडकी जागा पुरते. आणि कापड फाटल्यास जाणता कारागीर ते सांधू शकतो. वेगवान विमानास लांब, पक्की धावपट्टी लागते. तिचा खर्च किमतीत कोण धरतो? जयसिंगपुराजवळील कृष्णाकाठची काळी जमीन पावसाळ्यात बैलगाडीचे चाकही सोडीत नाही. तेथे विमानास उंच मुरमाड माळच हवा. सारांश, आपल्या माळावर सुखरूप उतरेल तेच विमान स्वस्त; इतरांचे मोल प्राणांनी द्यावे लागते.