नागीण आणि पहिले तीन दिवस



कमरेला नागीण निघाली आणि तिचे तोंड शेपटीला टेकले की माणूस दगावतो, हे वाक्य ज्या घरात ऐकलेले नाही असे घर आपल्या वसई-विरारच्या वस्त्यांत सापडायचे नाही. कोणी कोकणातून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी गिरणी बंद पडल्यावर परळ-लालबागची खोली सोडून नालासोपाऱ्याला आले. पण हे वाक्य सर्वांनी सामानाबरोबर आणले आहे. गेल्या पावसाळ्यात आम्हालाच नागीण निघाली, तेव्हा त्याची धार कळली.

सुरुवात फोडांनी झाली नाही. आधी दोन दिवस डाव्या बरगडीखाली नुसती आग होत होती. सदऱ्याचे कापड घासले तरी निखारा टेकवल्यासारखे वाटे. टँकरच्या पाण्याचे हंडे वर चढवले होते, म्हणून घरच्यांनी उसण भरली असे ठरवले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाठीच्या कण्यापासून पुढे लालसर चट्ट्यांचा पट्टा उमटला आणि दुपार कलेपर्यंत त्यावर पाण्याचे बारीक फोड घोसाघोसाने आले. त्याच संध्याकाळी आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी फोड एकाच बाजूला आहेत हे पाहिले, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का ते विचारले आणि ॲसायक्लोविरच्या 800 मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. दिवसातून पाच वेळा, सात दिवस, म्हणजे एकूण 35 गोळ्या. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, सायंकाळी सात आणि रात्री अकरा असे वेळापत्रक नातवाने कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. ज्यांना किडनीचा विकार आहे त्यांना ही मात्रा कमी करावी लागते, तेव्हा तसे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्यावे. जनऔषधी दुकानात हेच औषध कमी पैशात मिळू शकते, तिथे आधी विचारावे.

दुसऱ्या दिवशी आमची थोरली बहीण आली. येताना गेरूची पुडी घेऊन आली.

"अरे, गोळ्या खा, नको कोण म्हणतंय? पण दोन्ही टोकांना गेरू लावून वाट तरी अडव. विळखा पुरा झाला तर काय करशील?"

फुटणाऱ्या फोडांवर गेरू, राख, दुर्वा-तांदळाचा लेप असले काही लावले तर जखम चिघळते, तेव्हा आम्ही त्याला साफ नकार दिला. पण आक्काची भीती खोटी नव्हती. तिने लहानपणापासून तेच ऐकले होते. आम्ही म्हटले, "आक्का, तूच रोज मोज." तिने शिवणाचा पांढरा दोरा घेतला. कण्यापासून पट्ट्याच्या टोकापर्यंत, अंगाला न टेकवता, रोज सकाळी मोजायचे आणि गाठ मारायची. तीन दिवस गाठ पुढे सरकली. मग पोटाच्या मध्यरेषेशी आली आणि तिथेच राहिली. पाचव्या दिवशी तीच, सहाव्या दिवशी तीच. आक्काने चष्मा लावून उजवी बाजू नीट न्याहाळली. "इकडं तर काहीच नाही रे," म्हणाली. आमच्या चार व्याख्यानांपेक्षा त्या दोऱ्याचे काम मोठे झाले. आता ती स्वतःच दुसऱ्यांना सांगत असते.

असे का होते, ते समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही. आपल्या कण्यातून नसा जोडीने निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडची नस डाव्या अंगाला मागून पुढे येते आणि मध्यरेषेशी संपते. नागीण एका बाजूच्या एखाद्या नसेच्या मुळाशी जागी होते आणि त्या नसेच्या वाटेनेच कातडीवर येते. वाट जिथे संपते तिथे ती संपते. म्हणून तिचा पट्टा दिसतो, म्हणून तो सापासारखा वळलेला वाटतो, आणि म्हणूनच विळखा सहसा पुरा होत नाही. क्वचित कोणाला दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड आले तर ते शरीराची ताकद खालावल्याचे लक्षण असते. तेव्हा तातडीने मोठ्या रुग्णालयात जावे. पण तोंड शेपटीला टेकले म्हणून मरण, ही गोष्ट नाहीच.

आणि ती येते कोठून? कोणाच्या नजरेने नाही, साप मारल्याने नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि वय झाले, आजारपण आले, अंगातली प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो. हे ज्याने नीट मांडले तो कोणी मोठ्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ नव्हता. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावचा साधा डॉक्टर, एडगर होप-सिम्प्सन. 1947 पासून 16 वर्षे त्याने आपल्याच दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या रुग्णांची नोंद ठेवली आणि 1965 साली ती प्रसिद्ध केली. वहीत रोज नोंद करणारा माणूस काय करू शकतो, त्याचे हे उदाहरण.

औषधाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ॲसायक्लोविर ज्या प्रयोगशाळेच्या कामातून निघाले, तिथल्या प्रमुख होत्या गर्ट्रूड एलियन. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित आईबापांच्या पोटी 1918 साली जन्म. 1929 च्या मंदीत वडिलांचे पैसे बुडाले. फी घेत नसलेल्या हंटर कॉलेजात त्या शिकू शकल्या. शिक्षण झाले, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत नोकरी देईनात. डॉक्टरेट कधी पूर्ण करता आली नाही. 1988 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, दोन सहकाऱ्यांसह. ज्या मुलींचे शिक्षण पैशावाचून अडते आहे, त्यांच्यापुढे घरात हे नाव घ्यावे. आमच्या 35 गोळ्यांत या बाईंची मेहनत होती.

आता मुख्य मुद्दा. हे औषध फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाले तर चांगले लागू पडते. उशीर झाला तरी डॉक्टरांकडे जावेच, पण खरे मोल पहिल्या तीन दिवसांचे. आणि नेमके हेच तीन दिवस आपल्याकडे नागीण उतरवणाऱ्याच्या दारात जातात. तो मंत्र पुटपुटतो, गेरूने रेघ ओढतो, पाच मंगळवार यायला सांगतो. नागिणीचे फोड दोन ते चार आठवड्यांत खपली धरून आपोआप सुकतात. पाच मंगळवारांत सुकणारच! श्रेय त्याला. मागे दुखणे राहिले तर म्हणतो, वशाट खाल्ले, पथ्य मोडले. दोष रुग्णाचा. असा बिनतोट्याचा धंदा दुसरा नसेल. 1956 नंतर आपल्या आजी-आजोबांनी देव्हारे उतरवले, नवस सोडले. पण फोड दिसले की त्यांचीच नातवंडे मांत्रिकाचा पत्ता विचारतात, हे आम्ही पाहतो आणि वाईट वाटते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणे गुन्हा ठरवले आहे. कातडीवरच्या नागिणीचे नाव त्यात नाही. ते काम घरच्यांनीच करायचे आहे.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींची हकीकत ऐका. वालीवच्या एका गाळ्यात त्या पॅकिंगला जात. उजव्या कुशीत फोड आले. पाच दिवस उतरवण्यात गेले, सहाव्या दिवशी दवाखाना. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडीवर नुसते डाग उरले. दुखणे मात्र राहिले. ब्लाउज घालवेना. पंख्याचा वारा लागला तरी आग. रात्र रात्र बसून काढायच्या. घरातले म्हणू लागले, जखम तर दिसत नाही, मग दुखते काय? कामाचा कंटाळा आला असेल. खाडे वाढले, गाळ्याने दुसरी बाई ठेवली. मावशी एकदा म्हणाल्या, "दादा, फोड होते तेव्हा सगळे विचारायचे. आता कुणी विचारत नाही, आणि आताच जास्त दुखतंय."

हे दुखणे खरे असते. नसच दुखावलेली असते; ती विनाकारण आगीचा निरोप मेंदूला पाठवत राहते. नागीण झालेल्या शंभरांतल्या साधारण दहा ते अठरा जणांना असा त्रास राहतो, वय जास्त तसा धोका जास्त. महिने जातात, कोणाचे वर्षही जाते. साध्या दुखण्याच्या गोळीने तो फारसा हलत नाही. त्यासाठी नसेच्या दुखण्याची वेगळी औषधे असतात, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी. डॉक्टर ती थोडी थोडी वाढवत नेतात आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. त्यांनी गुंगी येते, तोल जातो. तेव्हा अशी गोळी चालू असेल तर विरार लोकलच्या दारात लटकू नका, एखादी गाडी सोडा. मावशींना मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात नेले. आठव्या महिन्यात त्या पहिल्यांदा रात्रभर झोपल्या. आता दुसऱ्या गाळ्यात जातात.

आमचे स्वतःचे म्हणाल तर तीन आठवड्यांत खपल्या पडल्या, पावसाळी हवेत चमक येई तीही दोन महिन्यांत गेली. त्या दिवसांत थंड पाण्यात भिजवलेली स्वच्छ सुती घडी, कॅलामाइन आणि सैल सदरा एवढ्याचाच आधार. खाण्याचे पथ्य कोणतेही नव्हते. मीठ, डाळ, मासळी सर्व चालले.

कपाळ, पापणी किंवा नाकाचा शेंडा इथे फोड आले तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. दृष्टी जाऊ शकते. तरुण माणसाला नागीण निघाली तर डॉक्टर साखरेची आणि एचआयव्हीची तपासणी सांगतात. त्यात लाज धरू नये. सरकारी रुग्णालयांत ती तपासणी मोफत होते, आणि गरज पडल्यास औषधेही 2004 पासून मोफत मिळतात.

एका खोलीत सात जण राहतात, तिथे लागण होईल का, असे विचारले जाते. नागीण दुसऱ्याला नागीण देत नाही. पण फोडांतले पाणी लागले तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड कापडाने झाकावेत, टॉवेल वेगळा ठेवावा, तान्ह्या बाळाला आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर सुनेला जवळ घेऊ नये. रुग्णाला मोरीच्या कोपऱ्यात टाकण्याचे कारण नाही.

पन्नाशी उलटलेल्यांसाठी नागिणीची लस 2023 पासून आपल्या देशात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. ती सरकारी लसीकरणात नाही आणि महाग आहे. कर्ज काढून घ्या असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांची मुले मिळवती आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

फोड दिसले तर वसईत सर डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्यात तुळींज ही महापालिकेची रुग्णालये आहेत. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो त्यांनी खाडे होण्याआधी विमा दवाखान्यातून आजारपणाचा दाखला घ्यावा. हप्ते नियमाप्रमाणे भरलेले असतील तर आजारपणाच्या दिवसांचा 70 टक्के पगार वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतो. मावशींच्या पगारातूनही तो कापला जात होता. कार्ड पत्र्याच्या पेटीत होते, दाखला घ्यायचा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.