बोटीला पाणी आहे, पागाला नाही

धरणाच्या पाण्यावर बोट फिरते, काठाला तंबू पडतात, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. त्याला म्हणायचं पर्यटन. कातकरी पाग घेऊन उतरला की विचारणार, "कुणाची परवानगी?" आम्ही उलटं विचारतो, बोटवाल्याला परवानगी देताना कोणत्या ग्रामसभेला विचारलं?

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरात उगवते आणि जोरच्या खोऱ्यातून उतरते. कमळगडाच्या दुसऱ्या अंगानं वाळकी येते. वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली वाईला त्याचा पाव हिस्साही नाही. आणि तो सगळा चार महिन्यांत. दिवाळीनंतर ओढ्याला जे वाहतं ते झऱ्यांचं पाणी. माथ्यावरचा जांभा पाऊस पितो, खाली काळा कातळ लागला की ते पाणी कडेला फुटतं. त्या जांभ्यावर बंगले बांधा, बोअर मारा, फरशी घाला, मग झरा कुठून राहणार? हे कळायला इंजिनिअर लागत नाही. हंडा घेऊन जाणाऱ्या बाईला झरा बारीक झालेला पहिल्यांदा कळतो. सरकारलाही कळतं म्हणा. १७ जानेवारी २००१ ला महाबळेश्वर-पाचगणी परिसर संवेदनशील जाहीर केलाच की. कागदावर.

बोटीला साठलेलं पाणी लागतं. खेकड्याला, माशाला वाहतं पाणी लागतं. धोम साडेतेरा टीएमसीचं, त्याच्या वर बलकवडी. खालची नदी आता पावसावर चालत नाही, दरवाजावर चालते. आवर्तन सुटलं की पाणी अंगावर, बंद झालं की डोहात चिखल. कालव्याच्या शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही, त्यालाही पोट आहे. पण मौजेसाठी तलाव भरलेला हवा आणि डोह कोरडा पडला तर चालेल, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

रोजगार मिळेल म्हणतात. कसला? तंबू ठोकायचे, भांडी घासायची, सोमवारी बाटल्या वेचायच्या. पाहुण्याला पाणी द्यायची आपली रीत आहेच, पण पाहुण्यानं पाणवठ्याला कुंपण घालावं ही कुठली रीत?

वनहक्क कायदा २००६, कलम ३ (१) वाचा. मासे आणि पाण्यातली इतर उपज हा सामूहिक हक्क आहे. कलम ५ प्रमाणे पाण्याचे स्रोत आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेचा. धरणातली मासेमारी ठेक्यानं जाते, म्हणून आपण जंगलातल्या ओढ्या-डोहांपासून धरू. तिथं कुणाचा ठेका नाही.

दाव्यासाठी पुरावा काय, असं वस्तीवर विचारतात. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब नियम १३ प्रमाणे पुरावा आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी प्रत्येक वस्तीनं आपल्या डोहांची नावं, कोण कुठं पाग टाकायचं, कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा, हे म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यावं. अंगठा चालतो. कागद वनहक्क समितीकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.