मिरासदार की उपरी? : वैयक्तिक संकेतस्थळाचे नाव, जागा आणि मराठी अभ्यासक

१

संहितेच्या स्थानाचा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. कोणती पोथी कोणत्या मठात, कोणाच्या घरी, कोणत्या बाडात सापडली हे नोंदविल्याखेरीज पाठचिकित्सेला प्रारंभच होत नाही. आज अभ्यासकाची संहिता कागदाबरोबर संकेतस्थळावरही नांदू लागली आहे. निवृत्त प्राध्यापक आपली लेखसूची, हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या किंवा एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळावर ठेवतात. विद्यार्थी त्याचे संदर्भ प्रबंधात देतात. तथापि हे स्थळ कोणाचे, कोणत्या हक्काने आणि किती काळ, हा विचार साहित्याभ्यासाच्या क्षेत्रात क्वचितच होतो. तांत्रिक म्हणून तो संगणकतज्ज्ञांकडे सोपवला जातो. वस्तुतः तो संहितारक्षणाचा, म्हणजेच वाङ्मयाच्या अभ्यासाचाच प्रश्न आहे.

२

या व्यवहारात तीन गोष्टी परस्परांहून भिन्न आहेत : नाव, जागा आणि मजकूर. सर्वसामान्य वापरणाऱ्याच्या मनात त्या एकच असतात आणि पुढील बहुतेक अनर्थांचे मूळ या गल्लतीत आहे.

महाजालावरील संगणक परस्परांना अंकांनी ओळखतात. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात ० ते २५५ यांमधील चार संख्या असतात. असे अंक माणसाच्या स्मरणात राहत नाहीत, म्हणून नावे आली. प्रारंभी सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील एका संशोधनसंस्थेत ठेवली जाई आणि इतरांनी ती उतरवून घ्यावयाची असे. संगणकांची संख्या वाढली तशी ही यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी उतरंडीची व्यवस्था मांडली. तीच आजची डोमेन नावांची व्यवस्था होय.

ही उतरंड उजवीकडून डावीकडे वाचावयाची असते. वाचकाने नाव लिहिले की त्याच्या वतीने एक संगणक प्रथम मूळ सर्व्हरकडे चौकशी करतो. तेथे 'डॉट कॉम' अथवा 'डॉट इन' यांचे दप्तर कोठे आहे एवढेच कळते. त्या दप्तरात विशिष्ट नावाचा कारभार कोणत्या नेमसर्व्हरकडे आहे हे कळते आणि तो नेमसर्व्हर अखेर अंकांचा पत्ता देतो. मग वाचकाचा संगणक त्या पत्त्यावरील यंत्राकडे जाऊन आपणांस कोणते संकेतस्थळ हवे ते नावानिशी सांगतो. कारण एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे भाड्याने राहत असतात. या भाड्याच्या जागेला होस्टिंग म्हणतात. मिळालेले उत्तर वाटेतील संगणक काही काळ जपून ठेवतात. म्हणूनच जागा बदलल्यावर काही वाचकांना काही तास जुनेच घर दिसत राहते.

तात्पर्य, नावाची नोंद एकीकडे, जागेचे भाडे दुसरीकडे. दोन्ही एकाच कंपनीकडून घेता येतात. परंतु तसे करणे अनिवार्य नाही. नाव स्वतंत्र असेल तर जागा बदलूनही पत्ता तोच राहतो.

३

'हे नाव माझे आहे', असे संकेतस्थळाचा धनी म्हणतो. येथे मराठी मुलखातील जुन्या जमीनव्यवस्थेची आठवण उपयोगी पडेल. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा असे. सारा भरीत असेतोवर त्याला कोणी उठवू शकत नसे आणि गाव सोडून गेलेला मिरासदार दीर्घकाळाने परतला तरी आपल्या मिरासीवर दावा सांगू शके. उपरी मात्र ठरावाने जमीन कसणारा. ठराव संपला की हक्क संपला.

डोमेन नावाच्या धारकाची स्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. शुल्क भरीत राहिल्यास नाव सहसा त्याच्याकडेच राहते. येथवर तो मिरासदारासारखा. परंतु नाव कायमचे विकत मिळतच नाही. 'डॉट कॉम'ची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी होते. 'डॉट कॉम'ची नोंदणी पूर्वी निःशुल्क होती. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी शंभर डॉलर आकारले जाऊ लागले आणि तेव्हापासून नाव हा कालबद्ध भाड्याचा व्यवहार झाला. मुदत संपल्यावर नोंदणी करून देणारी कंपनी पंचेचाळीस दिवसांपर्यंत थांबू शकते. नोंद काढून टाकल्यावर जादा शुल्क भरून ती सोडवून घेण्यास तीस दिवस मिळतात. त्यानंतर पाच दिवसांनी ते नाव कोणालाही खुले होते. मिरासदार पिढी उलटल्यावरही परतू शके. येथे फार तर एक ऋतू मिळतो.

विद्वानाच्या निधनानंतर हा एक ऋतू कसा जातो, याची कल्पना करणे कठीण नाही. घरच्यांना ग्रंथांची कपाटे दिसतात, संकेतस्थळ दिसत नाही. शुल्काची सूचना ज्या ई-मेलवर येते त्याचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसतो. पुष्कळदा असेही आढळते की संकेतस्थळ करून देणाऱ्या ओळखीच्या तरुणाने नाव स्वतःच्याच नावे नोंदविलेले असते. अशा वेळी धारक उपरीसुद्धा नसतो, पोटकूळ असतो. पुढे ते नाव एखादा जाहिरातदार घेतो, आणि प्रबंधातील तळटीप ओव्यांच्या संग्रहाऐवजी जुगाराच्या दुकानात नेऊन सोडते. हरवलेल्या संदर्भापेक्षा हा खोटा झालेला संदर्भ अधिक घातक होय.

४

यावर असे म्हटले जाते की हा खटाटोप हवाच कशाला? फुकट जागा देणाऱ्या सेवा आहेत, तेथे नावही मिळते. हा युक्तिवाद सहज टाकून देण्यासारखा नाही. अल्प वेतनावर काम करणाऱ्या अध्यापकाला वार्षिक शुल्कही जाचक वाटू शकते. तथापि जिओसिटीजचे उदाहरण ध्यानी घ्यावयास हवे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या सेवेने लोकांना वैयक्तिक पानांसाठी विनामूल्य जागा दिली. १९९९ मध्ये ती याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये, जपानमधील शाखेचा अपवाद वगळता, बंद केली. असंख्य पाने नाहीशी झाली. जे वाचले ते मुख्यतः इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी आणि स्वयंसेवकांनी घाईघाईने नकला उतरविल्या म्हणून. दुसऱ्याच्या ओसरीवर संसार मांडणाऱ्याला घरमालकाची मर्जी हेच छप्पर असते. नाव स्वतःचे असेल तर ओसरी बदलता येते, एवढाच, पण महत्त्वाचा, फरक आहे.

नावाच्या लिपीबद्दलही दोन शब्द. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' ही नावे उपलब्ध झाली आणि मराठी व कोकणीला आपल्या अक्षरांत पत्ता लिहिता आला, ही समाधानाची बाब होय. परंतु उतरंडीतील यंत्रणा आतून रोमी अक्षरेच वाचते. देवनागरी नाव तिच्यासाठी एका सांकेतिक रोमी रूपात उतरवावे लागते. काही ई-मेल व्यवस्था आजही अशी नावे स्वीकारीत नाहीत. म्हणून देवनागरी नाव अवश्य घ्यावे, पण जोडीला रोमी नावही ठेवावे. भाषाभिमानाने वाचक अडू नये.

५

मग उपाय कोणता? विद्यापीठाच्या नावाखाली जागा मिळावी, ही मागणी रास्त आहे. सर्न या संशोधनसंस्थेने १९९१ मधील पहिले संकेतस्थळ २०१३ मध्ये त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले; संस्थेने नाव सोडले नव्हते म्हणूनच हे शक्य झाले. परंतु संस्थेवर सर्व भार टाकणेही योग्य नव्हे. विद्यापीठांची संकेतस्थळेही नव्याने रचली जातात आणि जुने पत्ते मोडतात.

या बाबतीत महानुभाव परंपरा अधिक खरा धडा देते. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्रात हरवली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे ती परंपरा सांगते. ग्रंथ टिकला तो एका पेटीत सुरक्षित होता म्हणून नव्हे, तर अनेकांकडे होता म्हणून.

तेव्हा अभ्यासकाने नाव स्वतःच्या नावे नोंदवावे, शक्यतो दीर्घ मुदतीचे घ्यावे, आणि नाव, जागा व परवलीचे शब्द यांची नोंद मृत्युपत्राच्या कागदांत ठेवावी. मजकुराची पूर्ण प्रत, युनिकोडमध्ये, विभागाच्या ग्रंथालयात दरवर्षी जमा करावी. जुन्या खासगी फाँटांत टंकलेला मराठी मजकूर फाँट नसेल तेथे निरर्थक चिन्हांचा ढीग होतो, हा अनुभव पुरेसा बोलका आहे. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांकडून पत्त्याबरोबर पाहिल्याची तारीख आणि पानाची जपलेली प्रत मागावी. विभागांनी अशा प्रती दाखलपुस्तकात चढवाव्यात. हस्तलिखित मिळाल्यावर क्रमांक देतात, तितक्याच गांभीर्याने.

यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. संकेतस्थळ हेही हस्तलिखित आहे, एवढे मान्य करावे लागते. ते मान्य न केल्यास आजच्या पिढीचे पुष्कळसे संकलन पुढच्या संशोधकाला केवळ तळटिपांतून, मोडलेल्या पत्त्यांच्या रूपाने ठाऊक होईल. मिरास ही शेवटी नावाच्या नोंदीत नसते. ती जपलेल्या प्रतींत असते.