क्रेडिट म्हणजे श्रद्धा, अंधश्रद्धा नव्हे!



'क्रेडिट' हा शब्द आपल्या धंद्यात दिवसातून किती वेळा येतो, कधी मोजलंय? होलसेलर ३० दिवसांचं क्रेडिट देतो. बँकेचा मेसेज येतो, 'अकाउंट क्रेडिटेड'. सीए इनपुट टॅक्स क्रेडिटबद्दल विचारतो. खिशात क्रेडिट कार्ड असतं. सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं सरकतात, तीही क्रेडिट्सच. आणि काम आपण करतो, क्रेडिट मात्र भलताच घेऊन जातो!

शब्द एक, कामं अनेक. पण या सगळ्यांच्या मुळाशी अर्थ एकच आहे. तो कळला तर उधारीकडे बघायची आपली नजर बदलते, असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्द आला कुठून?

लॅटिन भाषेत 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणं. त्यावरून झाला 'क्रेदितुम', म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली गोष्ट, कर्जाऊ दिलेला पैसा. पुढे इटालियन आणि फ्रेंचमधून हा शब्द १६व्या शतकात इंग्रजीत आला. 'क्रेडिबल' म्हणजे विश्वास ठेवण्यासारखं आणि 'इन्क्रेडिबल' म्हणजे विश्वास बसू नये असं. ही सगळी त्याचीच भावंडं.

आता गंमत ऐका. हे 'क्रेदेरे' आणि आपला संस्कृतातला 'श्रद्धा' हा शब्द एकाच प्राचीन मुळातून आले, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. कुणी कुणाकडून उचलला असं नाही, एकाच घरातले दोन चुलतभाऊ म्हणा. म्हणजे आपण गिऱ्हाइकाला क्रेडिट देतो, तेव्हा शब्दशः त्याच्यावर श्रद्धा ठेवतो.

मग बँक 'क्रेडिटेड' का म्हणते?

हा प्रश्न माझ्या बॅचमध्ये हमखास येतो. 'सर, आपल्या वहीत रोख आली की डेबिट, आणि बँक म्हणते क्रेडिट. उलटं कसं?' उत्तर शब्दातच आहे. तो मेसेज बँकेच्या वहीतून लिहिलेला असतो. तुम्ही पैसे विश्वासाने बँकेकडे सोपवलेत, म्हणून बँकेच्या दृष्टीने तुम्ही क्रेडिटर, म्हणजे धनको. आणि 'डेबिट'चं मूळ आहे 'देणं लागणं' या अर्थाच्या लॅटिन शब्दात.

ही दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसचे व्यापारी वापरत होतेच. ती छापील पुस्तकात सविस्तर मांडली लुका पाचोली यांनी, १४९४ साली. पाचोली कोण होते? गणित शिकवणारे एक ख्रिस्ती संन्यासी. माणूस श्रद्धेचा, पण व्यापाऱ्याला सांगतोय काय? व्यवहार झाला की लिहून ठेवा! माझ्या मते आजच्या लेखाचं सार यातच आलं.

उधारी बंद करायची का?

बरेच लोक सांगतात, 'उधारी म्हणजे धंद्याची कीड, आजच बंद करा.' मला हे पटत नाही. कृषी सेवा केंद्रवाल्याने पीक हातात येईपर्यंत थांबायचं नाही म्हटलं, तर त्याच्याकडून बी-खत घेणार किती जण? शिवाय तुमचा होलसेलर तुम्हाला उधार देतो, तेव्हा तुम्हाला ती कीड वाटते का? तेव्हा आपण अभिमानाने म्हणतो, 'बाजारात आपली पत आहे!' पत म्हणजे तरी काय, क्रेडिटच की.

तेव्हा दोष श्रद्धेचा नाही, अंधश्रद्धेचा आहे. माणूस ओळखीचा आहे, बोलतो गोड, गाडी मोठी आहे, म्हणून माल दिला. किती दिवसांसाठी? ठरलं नाही. लिहून घेतलं? 'कसं बरं दिसेल?' ही झाली अंधश्रद्धा. आपला 'उधार' शब्द संस्कृत 'उद्धार'वरून आलाय. पण असा माल दिला, की वसुलीच्या वेळी एकमेकांचा वेगळाच उद्धार करायची पाळी येते.

जरा हिशोब बघा. १०,००० रुपयांचं बिल, नफा १० टक्के. पैसे बुडाले तर तुमच्या खिशातून गेले ९,००० रुपये. ते भरून काढायला तशीच आणखी ९ बिलं करावी लागतात, म्हणजे ९०,००० रुपयांची विक्री. तीही रोखीने!

डोळस श्रद्धा कशी ठेवायची?

१. मर्यादा आधी ठरवा. या गिऱ्हाइकाचे किती पैसे अडकले तरी माझं दुकान चालेल? तो आकडा ओलांडला की नम्रपणे थांबा.

२. तारीख बिलावर लिहा. 'बघू, देतो सावकाश' ही तारीख नाही.

३. बाकी लेखी कबूल करून घ्या. विकलेल्या मालाचे पैसे कोर्टातून मागायला साधारण ३ वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत समोरच्याने सही करून बाकी मान्य केली, तर त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

४. कायदा माहीत करून घ्या. उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई कायदा आहे. उद्यम नोंदणी करून ठेवा. खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना हे संरक्षण सहसा मिळत नाही, म्हणून त्यांनी पहिले तीन मुद्दे जास्तच सांभाळायचे.

मागायला लाज कसली?

आपल्याकडे पैसे थकवणारा ताठ मानेने फिरतो आणि मागणाराच चोरासारखा अवघडून उभा राहतो. फोन लावायच्या आधी दहा वेळा विचार करतो, 'संबंध बिघडतील.' अहो, तुम्ही भीक मागत नाही! तुम्ही विश्वास दिला होता, तो परत मागताय. माझ्या अनुभवात संबंध मागण्याने कमी बिघडतात, न मागता मनात साठवण्याने जास्त. वेळेवर एक शांत फोन करा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

आणि हाच नियम आपल्यालाही लागू. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजला जातो. पण होलसेलरच्या मनात आपला जो स्कोअर असतो, तो कुठल्याच ॲपवर दिसत नाही. ठरलेल्या दिवशी पैसे पोचवा. जमणार नसेल तर त्याचा फोन यायच्या आधी आपण करा. पुढच्या सीझनला भांडवल कमी पडेल, तेव्हा हीच पत कामाला येते.

आज रात्री दुकान वाढवल्यावर उधारीची वही उघडा. प्रत्येक नावापुढे एकच शब्द लिहा : श्रद्धा की अंधश्रद्धा? ज्यांच्यापुढे दुसरा शब्द येईल, त्यातल्या पहिल्या तिघांना उद्या सकाळी फोन करा. काय उत्तर मिळालं, ते कमेंटमध्ये जरूर सांगा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत व्यवहार चोख ठेवा, धंदा वाढवा!