सूक्ष्म कणांची उगवण आणि नळींतील प्रवाह

जस्त, तांबें यांच्या अतिसूक्ष्म कणांचीं द्रवरूप खतें अलीकडे बाजारांत येऊं लागलीं आहेत. बाटलीवर ‘नॅनो’ हा शब्द ठळक असतो. पण कण केवढा, आणि सर्व कण सारखे आहेत काय, हें विचारणारा विरळा. माझें अर्धें आयुष्य महसुली दप्तर लिहिण्यांत गेलें. मापावांचून केलेला ठराव पुढें तंट्यास कारण होतो, हें मीं पाहिलें आहे.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या लहान कणाचा आकार पालटला कीं गुणही पालटतो. सोन्याच्या सूक्ष्म कणांनीं पाणी माणकासारखें लाल होतें, हें मायकेल फॅरेडे यांनीं १८५७ सालीं मांडलें. पुढें १९५० सालीं ला मेर व डायनेगर यांनीं गंधकाच्या कणांवरून असें प्रतिपादिलें कीं, सर्व कण एकदम उगवले आणि मग नवी उगवण थांबली, तरच ते सारखे वाढतात. एका वाफशावर पेरलेलें पीक सारखें येतें. मागास पेरा मागेंच राहतो, तसेंच हें.

मोठ्या पात्रांत ही उगवण पाहणें कठीण. काम क्षणांत उरकतें व मिश्रणही सर्वत्र सारखें होत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ दोन द्रावणें बारीक नळींतून ठराविक वेगानें आणून एके ठिकाणीं मिळवितात. पाटाच्या दारापासून अमुक अंतरावरील पाण्यास दार सोडून किती वेळ झाला, हें जसें सांगतां येतें, तसें नळीवरील प्रत्येक ठिकाण म्हणजे कणांचें एक ठराविक वय. तेथें क्ष-किरण टाकून हवा तितका वेळ पाहावें. वय तेंच राहतें. अशा प्रवाही रीतीनेंच, सोन्याचे बारीक कण एकमेकांस मिळूनही मोठे होतात, असें आढळलें आहे.

या रीतींतही खोट आहे. पाटांत मधली काडी पुढें जाते, कांठची रेंगाळते. नळींतही तसेंच होऊन वयांची सरमिसळ होते. म्हणून तेलाच्या ओघांत द्रावणाचे सुटे थेंब चालवितात.

सोन्याविषयीं कळलेलें सर्व जस्तास लागू पडेल असें नाहीं. पण मोजून पाहण्याची दृष्टि तीच. कोणी म्हणेल, पीक आलें म्हणजे झालें, कणाशीं काय कर्तव्य? परंतु एका खेपेस गुण आला आणि दुसऱ्या खेपेस न आला, तर दोष पावसाचा कीं बाटलीचा, हें मापावांचून कसें ठरणार? अशा द्रव्यांच्या परीक्षणासाठीं भारत सरकारनें २०२० सालीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं आहेत. तरी आपल्या संघानें सामाइक खरेदी करतांना दर घाण्याच्या मालाचें कणमाप लेखी मागावें, आणि तें न देणाऱ्याचा माल घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.