विश्लेषण : खड्डा कौन्सिलचा, धोरण सरकारचे, बिल मात्र मालकाचे! ब्रिटनमधील मोटारचालक नेमका कशाला वैतागला आहे?

जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे दोन अंश तापमान, काचेवर बर्फाचा थर. किल्ली फिरवली की नुसती ‘टक टक’ होते आणि डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागून विझतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात हे दृश्य कुठल्याही गल्लीत दिसते. एए (स्थापना १९०५) आणि आरएसी (स्थापना १८९७) या तिथल्या दोन जुन्या मदतसेवा. रस्त्यात अडकलेल्यांच्या मदतीला त्या सर्वाधिक वेळा धावतात त्या बॅटरी बसल्यामुळेच.

लंडन सोडले तर तिथे अनेक ठिकाणी गाडीशिवाय कामावर जाणे, मुलांना शाळेत सोडणे अवघड होते. गाड्याही नव्याकोऱ्या नाहीत. ब्रिटनच्या रस्त्यांवरील गाड्यांचे सरासरी वय नऊ वर्षांपेक्षा जास्त आहे. नोकरीसाठी रेडिंग, स्लाव किंवा मिल्टन कीन्सला गेलेली मराठी कुटुंबेही भारतीय लायसन्सवर वर्षभर गाडी चालवू शकतात आणि बहुतेकांची पहिली गाडी सेकंडहँडच असते. मग काही महिन्यांत पहिली ‘एमओटी’ येते आणि गॅरेजवाला कागद हातात ठेवतो.

त्या कागदावरच्या यादीत एक गंमत असते. बिघाडांचे मूळ शोधत गेले तर त्यातले बरेच मालकाच्या हातात नसते. रस्ता कौन्सिलचा असतो, गाडी कोणत्या इंधनाची घ्यावी हे करांच्या धोरणाने सुचवलेले असते, इंजिनाचा आराखडा कंपनीचा असतो. नापास मात्र मालकाची गाडी होते.

एमओटी म्हणजे काय?

‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ या जुन्या खात्याच्या नावाची ही आद्याक्षरे. खाते गेले, नाव राहिले. १९६० मध्ये सुरुवात झाली तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासले जाई. १९६७ पासून ही मर्यादा तीन वर्षांवर आली. आज ग्रेट ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची आहे. एमओटीशिवाय गाडी चालवल्यास १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

मे २०१८ पासून दोषांचे वर्गीकरण बदलले. ‘डेंजरस’ शेरा मिळाला तर दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ‘मेजर’ म्हणजे नापास. ‘मायनर’ असेल तर पास, पण लवकर दुरुस्त करा. त्याखाली ‘ॲडव्हायझरी’, म्हणजे आज ठीक आहे, पुढे लक्ष ठेवा. दर दहापैकी साधारण तीन गाड्या पहिल्या प्रयत्नात नापास होतात.

ही तपासणी दरवर्षी नको, पहिली चौथ्या वर्षी असावी, असे प्रस्ताव सरकारनेच मांडले होते. २०१८ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये ते बाजूला ठेवण्यात आले. विशेष म्हणजे बदलाला विरोध करणाऱ्यांत मोटारचालकांच्या बाजूने बोलणाऱ्या एए आणि आरएसी याही संस्था होत्या. तेव्हा वैताग तपासणीचा नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

स्प्रिंग तुटते कशी?

दिवे, टायर आणि ब्रेकच्या जोडीला नापासांच्या यादीत नेहमी दिसणारे नाव म्हणजे सस्पेन्शन, आणि त्यातही कॉइल स्प्रिंग. आपल्याकडे पाटे तुटल्याचे ऐकू येते ते बहुधा ट्रकचे. तिथे मात्र छोट्या हॅचबॅकची स्प्रिंगही तुटते.

कारण साधे आहे. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर उडून स्प्रिंगच्या अगदी खालच्या वेटोळ्यात, ती जिथे बैठकीत टेकते तिथे, साचून राहते. वरचा रंगाचा थर एकदा उडाला की पोलाद गंजू लागते. गंजाचा तो बारीक खड्डा म्हणजे तडा सुरू होण्याची जागा. त्यावर रोजचे स्पीडब्रेकर आणि रस्त्यातले खड्डे. मग एखाद्या थंड सकाळी, गाडी जागेवर उभी असतानाही, ‘खण्ण’ आवाज होतो आणि तळाचा तुकडा निखळतो. मालकाला कित्येकदा कळतही नाही. एमओटीला गाडी लिफ्टवर चढली की कळते. मग शंभर-दोनशे पौंड सहज जातात.

ब्रिटनमध्येही खड्डे?

आहेत आणि भरपूर आहेत. भेगांत पाणी शिरते, रात्री गोठून फुगते, सकाळी वितळते आणि डांबर सुटते. डांबर उद्योगातील संघटनेच्या २०२४ च्या वार्षिक पाहणीनुसार इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक रस्त्यांची रखडलेली कामे पुरी करायला १६.३ अब्ज पौंड लागतील. (पाहणी करणारे डांबरच विकतात, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. पण खड्डे खोटे नाहीत.)

खड्ड्यामुळे रिम वाकली किंवा टायर फुटला तर कौन्सिलकडे भरपाई मागता येते. ही सोय ऐकून आपल्याकडचा वाचक हेवा करील. अडचण १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम ५८ मध्ये आहे. ‘रस्त्याची वाजवी तपासणी ठरल्याप्रमाणे होत होती आणि या खड्ड्याची आम्हाला कल्पना नव्हती,’ असे कौन्सिलने सिद्ध केले तर तिची जबाबदारी उरत नाही. अनेक कौन्सिल साधारण ४० मिलिमीटर खोलीच्या आतला खड्डा तातडीने दुरुस्त करण्याजोगा मानत नाहीत. म्हणजे आधी कुणीतरी तक्रार नोंदवलेली असली तरच पुढच्याचा दावा भक्कम होतो. खड्ड्यात पहिला जो पडतो, त्याचे पैसे बहुधा त्याच्याच खिशातून जातात.

डिझेल गाड्यांचे काय चुकले?

सगळ्यात कडवट प्रकरण हे आहे. २००१ मध्ये ब्रिटनने गाडीचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर बसवला. डिझेल इंजिन त्याच अंतराला कमी कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून डिझेल गाडीला कर कमी लागू लागला. लोकांनी हिशेब केला आणि डिझेल घेतले. २००१ मध्ये नव्या गाड्यांत पाचातली एकही डिझेल नव्हती. पुढच्या दशकभरात हे प्रमाण निम्म्यावर गेले.

पण डिझेलच्या धुरात काजळी असते. ती अडवायला एक्झॉस्टमध्ये डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर बसवला जातो. लोक त्याला डीपीएफ म्हणतात. युरो ५ निकषांनंतर तो नव्या डिझेल गाड्यांत अटळ झाला. फिल्टर काजळी साठवतो आणि भरत आला की ती जाळून टाकतो. जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून इंजिन मुद्दाम जास्तीचे डिझेल सोडते आणि गाडी दहा-वीस मिनिटे सलग वेगात चालावी लागते.

आता ही गाडी घेतली कुणी? कमी कर पाहून शाळा, सुपरमार्केट आणि स्टेशन एवढीच धाव असलेल्या कुटुंबाने. काजळी जाळायला सुरुवात होते न होते तोच गाडी घरी पोहोचते आणि इंजिन बंद. अर्धवट राहिलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. फिल्टर तुंबतो, गाडीची ताकद जाते, पिवळा दिवा लागतो. नवा फिल्टर सुट्या भागांतल्या महागड्यांपैकी एक. तो काढून टाकून पोकळ नळी बसवण्याचा ‘जुगाड’ तिथेही चालला, पण फेब्रुवारी २०१४ पासून फिल्टर गायब दिसला की एमओटीत गाडी नापास होते.

दरम्यान सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाला. प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून उत्सर्जन कमी दाखवणारे सॉफ्टवेअर गाड्यांत होते. इंग्लंड-वेल्समधील सुमारे ९१ हजार दावेदारांशी कंपनीने मे २०२२ मध्ये १९.३ कोटी पौंडांना तडजोड केली. मग धोरण उलटे फिरले. नव्या डिझेलवर कर वाढला. ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण लंडनमध्ये युरो ६ पेक्षा जुन्या डिझेल गाडीला फिरायचे तर दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. नव्या विक्रीत डिझेलचा वाटा आज दहा टक्क्यांच्याही खाली आहे. हवेसाठी हे योग्यच झाले. पण सरकारचे सांगणे ऐकून गाडी घेतलेल्या माणसाने कर वाचवला आणि फिल्टरमध्ये घालवला, हा हिशेब कोणत्याही मंत्र्याच्या भाषणात येत नाही.

पिवळा दिवा काय सांगतो?

फारसे काही नाही, हीच अडचण आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की एक कोड येतो. उदाहरणार्थ पी०१७१, म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. का पडते, हे तो सांगत नाही. रबरी नळीला चीर गेली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, इंधनाचा पंप दमला असेल. थर्मामीटर ताप दाखवतो, डेंग्यू की मलेरिया ते दाखवत नाही, तसेच हे. चांगला मेकॅनिक तासभर शोधतो आणि दहा पौंडांची नळी बदलतो. पण त्या तासाची मजुरी, वर २० टक्के व्हॅट, ग्राहकाला खुपतात, कारण ‘नुसते बघायचे’ पैसे द्यायची सवय नसते. मग घाईतला मेकॅनिक कोडमध्ये नाव दिसेल तो सेन्सर बदलतो. दिवा विझतो आणि आठवड्याने पुन्हा लागतो. २०१८ पासून हा दिवा जळत असला तर एमओटीतही गाडी नापास होते, त्यामुळे दुर्लक्ष करायची सोयही नाही.

साधी बॅटरीसुद्धा पूर्वीसारखी राहिली नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या, महाग बॅटऱ्या लागतात आणि अनेक मॉडेलांत नवी बसवल्याची नोंद स्कॅनरने गाडीच्या संगणकात करावी लागते. पूर्वी पान्याने दहा मिनिटांत होणारे हे काम.

इंजिनाच्या आतही तेच. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट आणि प्युजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. घर्षण कमी, मायलेज चांगले. मात्र बेल्टचे रबर झिजून त्याचे कण ऑइल शोषणाऱ्या जाळीत अडकले तर इंजिनाला ऑइलच मिळत नाही. प्युअरटेकसाठी कंपनीने २०२४ मध्ये दहा वर्षे किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत हमी वाढवली, पण सर्व्हिसिंग नियमानुसार झालेले असेल तरच. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे तेवढे कागद असतातच असे नाही. जाता जाता, काही वर्षे ब्रिटनला जाणारी फोर्ड इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईत बनत असे आणि त्यात हेच इकोबूस्ट इंजिनही मिळत असे.

तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच कसा चालतो?

ग्रेट ब्रिटनमध्ये एमओटी बहुतांश खासगी गॅरेजच करतात. कारसाठी कमाल शुल्क ५४.८५ पौंड. २०१० पासून ते वाढलेले नाही. अनेक गॅरेज त्याहूनही स्वस्तात तपासणी करतात. इतक्या पैशांत तासभर माणूस आणि लिफ्ट गुंतवणे परवडत नाही, मग कमाई कुठून? दुरुस्तीतून. सगळे गॅरेजवाले लबाड आहेत असे नाही. पण जिथे दोष सापडला तर धंदा होतो, तिथे ग्राहकाच्या मनात पाल चुकचुकणारच. म्हणून जाणते लोक कौन्सिलच्या तपासणी केंद्रात जातात. तिथे कौन्सिलच्या स्वतःच्या गाड्यांबरोबर लोकांच्याही तपासल्या जातात, पण लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती होत नाही.

मग सगळेच सरकारी का करू नये? उत्तर आयर्लंडमध्ये तसेच आहे. तिथे जानेवारी २०२० मध्ये ५५ पैकी ४८ लिफ्टना तडे गेल्याचे आढळले आणि कारची तपासणी थांबवावी लागली. एका हातात सगळे दिले तर तो हात दुखावल्यावर काय होते, हे तिथल्या लोकांनी पाहिले. भारताने २०२१ च्या नियमांत मधला मार्ग काढला आहे. स्वयंचलित तपासणी केंद्र खासगी असू शकते, पण त्याला वाहनांची दुरुस्ती किंवा विक्री करता येत नाही. ही अट ब्रिटनपेक्षा सरस आहे. फक्त आपल्याकडे खासगी कारची फिटनेस तपासणी येते ती पंधरा वर्षांनी. तोवर पीयूसी सोडले तर कुणी गाडीखाली डोकावत नाही.

गाडी घेणाऱ्याच्या हातात काय आहे?

ब्रिटिश व्यवस्थेची सर्वांत चांगली बाजू फुकट आहे. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की कोणत्याही गाडीचा एमओटी इतिहास उघडतो. पास, नापास, कारणे, ॲडव्हायझरी आणि दर तपासणीच्या वेळचे मैल, सगळे दिसते. मीटर मागे फिरवलेला असेल तर तिथे पकडला जातो. ‘मागची स्प्रिंग गंजली आहे’ हा शेरा तीन वर्षे सलग दिसला तर ती अजून बदललेली नाही, हे विक्रेत्याला न विचारताही समजते. आपल्या एमपरिवहन ॲपवर विमा आणि पीयूसीची मुदत दिसते, पण गाडीची अशी कुंडली नाही.

ब्रिटनमध्ये पहिली गाडी घेणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. डीलरकडून घेतलेल्या गाडीत विक्रीच्या वेळचाच दोष निघाला तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या ३० दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. खासगी विक्रेत्याकडून, त्याच्या घरासमोरून घेतली तर हा हक्क नाही. किंमत थोडी कमी असते ती त्यामुळेच.