औषध शुद्ध, पण मात्रेवर पहारा कोणाचा?

1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली आणि भेसळीचा धाक महाराष्ट्राच्या मनात कायमचा बसला. परंतु शुद्ध औषधही चुकीच्या मात्रेत, चुकीच्या द्रावणातून अथवा नको तेव्हा दिले गेले, तर ते विषाइतकेच घातक ठरू शकते. अशा मृत्यूंसाठी आयोग बसत नाहीत. ते निमूटपणे मूळच्या आजाराच्या खात्यावर जमा होतात.

खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर अपघात झाला, की गंभीर जखमीची वाट बहुधा ठरलेली असते: आधी जवळचे रुग्णालय, मग पनवेल किंवा नवी मुंबईचा अतिदक्षता विभाग. डोक्याला मार लागून झटके येऊ लागले तर फेनिटॉइन शिरेतून देतात. 60 किलो वजनाच्या माणसाला पहिली मात्रा 900 ते 1200 मिलिग्रॅम लागते, आणि तीही मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा जलद देता येत नाही. घाई झाली तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळले तर औषधाचे स्फटिक बनतात. आता पहिल्या रुग्णालयाच्या चिठ्ठीवर 'झटक्यांचे इंजेक्शन दिले' एवढेच लिहिलेले असेल, तर पुढच्या डॉक्टरांनी काय करावे? मात्रा पुन्हा द्यावी तर अतिरेक होण्याची भीती, न द्यावी तर झटक्यांची.

कर्जतच्या वाड्यांवरून येणाऱ्या सर्पदंशाच्या रुग्णाची गोष्टही अशीच. घोणसीच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, की अमिकासिनसारखे प्रतिजैविक शरीरात साचते आणि मूत्रपिंडांनाच आणखी इजा करते. म्हणजे कालची योग्य मात्रा आज अयोग्य ठरते. हा हिशेब रोज नव्याने मांडावा लागतो. डॉक्टर श्वास आणि रक्तदाब सांभाळण्यात गुंतलेले, परिचारिका एकाच वेळी अनेक खाटांमागे धावणारी. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

हा हिशेब ज्याचा मुख्य विषय आहे, असा माणूस म्हणजे क्लिनिकल फार्मासिस्ट. बोस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागात त्याला डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीत सामील करून घेण्यात आले. 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधे लिहून देताना होणाऱ्या चुकांमुळे रुग्णांना पोहोचणारी टाळता येण्याजोगी इजा 66 टक्क्यांनी घटली होती. औषधयोजनेविषयी त्याने केलेल्या 366 सूचनांपैकी 362 डॉक्टरांनी स्वीकारल्या. डॉक्टरांना अशी लुडबूड खपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडा जरूर पाहावा.

आपल्याकडे फार्मसी कायदा 1948 चा आहे. रुग्णशय्येजवळ काम करण्याचे शिक्षण देणारा सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम 2008 मध्ये सुरू झाला. तरीही शासकीय रुग्णालयातील औषधनिर्माता अजून बहुतांशी खिडकी, साठा आणि नोंदवही यांतच अडकलेला आहे. गोळ्यांचा हिशेब त्याच्याकडे मागितला जातो. त्या गोळ्यांनी रुग्णाचे काय केले, हे त्याला कोणी विचारत नाही. पदे वाढवायला पैसा लागतो, हे खरे. पण कर्जतमध्ये औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे आणि तिथेच उपजिल्हा रुग्णालयही आहे. दोघांनी मिळून निदान एका कागदापासून आरंभ करण्यास कोणाची हरकत असावी? औषधाचे नाव, मात्रा, वेळ, द्रावण आणि मूत्रपिंडांच्या तपासणीचा आकडा एवढे लिहिलेला कागद रुग्णवाहिकेतून रुग्णाबरोबर गेला, तर पुढच्या डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागणार नाही.

त्याच खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत औषधे तयार होतात. कारखान्यात एकाने वजन केलेला घटक दुसऱ्याने पडताळून सही केल्याशिवाय पुढे जात नाही. तेच औषध कुपीतून सिरिंजमध्ये येते, तेव्हा दुसरी सही करायला मात्र बहुधा कोणी नसते.